कातळावरची खपली: सह्याद्रीतील दुर्मीळ शैवाक शोधण्याची आणि नोंदण्याची पद्धत

शागोतीच्या मसाल्यात पडणारे दगडफूल गोव्यातील बहुतेक स्वयंपाकघरांना परिचित आहे. ते ज्या जीवसमूहातले आहे त्याला मराठीत शैवाक आणि शास्त्रीय व्यवहारात लायकेन म्हणतात. दगडफूल पानासारखे पसरते, त्याच्या कडा वर उचललेल्या असतात आणि ते हाताने सुटे करता येते. या लेखात ज्या शैवाकांविषयी लिहायचे आहे, ती मात्र इतकी सैल नाहीत. ती कातळावर जखमेवरच्या खपलीसारखी घट्ट बसतात. त्यांना खालच्या बाजूचे आवरण नसते आणि त्यांचे तंतू थेट दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात. नखाने किंवा चाकूने काढू गेल्यास हाती केवळ भुकटी येते, आणि अखंड नमुना हवा असेल तर दगडाचा तुकडाच फोडावा लागतो. पुढे सांगितलेली सर्व पद्धत या एका गोष्टीतून निघते. खपली आपल्याकडे आणता येत नाही, म्हणून आपण तिच्याकडे जायचे, आणि ती ज्या दगडावर आहे तो दगड हाच तिचा पत्ता समजून तो नीट लिहून ठेवायचा.

शैवाक हा एकटा जीव नव्हे. बुरशीच्या तंतूंच्या जाळीत हिरवे शैवाल किंवा नील-हरित जीवाणू राहतात. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि बुरशी त्यांना आसरा व ओलावा देते. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८६७ मध्ये हा दुहेरीपणा मांडला, तेव्हा त्या काळच्या अनेक जाणत्या अभ्यासकांना तो पटला नाही. न पटलेल्यांमध्ये फिनलंडचे विल्यम नायलँडरही होते, आणि गंमत अशी, की खपल्या ओळखण्यासाठी आजही वापरल्या जाणाऱ्या रासायनिक चाचण्या याच नायलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केल्या. शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव हे त्यातील बुरशीचे असते. एवढे ध्यानात ठेवले, की नाव निश्चित करण्यासाठी शेवटी बुरशीचे बीजाणूच का पाहावे लागतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुर्मीळ कशाला म्हणावे

नवशिक्या अभ्यासकाची पहिली फसगत छायाचित्रांमुळे होते. खडकावरच्या शैवाकांची जी चित्रे सर्वत्र दिसतात, त्यांत ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकम हे पिवळट हिरवे, काळ्या रेषांनी विभागलेले आणि नकाशासारखे दिसणारे शैवाक हमखास असते. २००५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रयोगात ते काही दिवस उघड्या अवकाशात ठेवले गेले आणि परत आल्यावर जिवंत आढळले, त्यामुळे त्याची कीर्ती आणखी वाढली. परंतु ते थंड प्रदेशांचे आणि उंच पर्वतांचे शैवाक आहे. भारतात त्यासाठी हिमालयाकडे पाहावे. सत्तरी तालुक्यातील सोसोगड हे गोव्याचे सर्वोच्च शिखरसुद्धा जेमतेम हजार-बाराशे मीटरच भरते. तेव्हा येथील कातळावर पिवळट हिरवा नकाशा शोधत हिंडण्यात अर्थ नाही, आणि तसे काही दिसलेच तर घाईने ते नाव लिहू नये.

दुसरी फसगत ‘दुर्मीळ’ या शब्दाची आहे. एखादी खपली आपल्याला पूर्वी दिसली नव्हती, म्हणून ती दुर्मीळ ठरत नाही. ती आपल्याला दिसली नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध होते. खपली-शैवाकांकडे झुकून पाहणारी माणसेच मुळात थोडी असतात. दुर्मीळता सांगायची तर किती कातळ पाहिले, प्रत्येकावर किती वेळ दिला आणि त्यांपैकी किती ठिकाणी ती खपली आढळली, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. म्हणून जेथे काही मिळाले नाही, त्या फेरीचीही नोंद ठेवावी. मी एका कातळाला ३० मिनिटे असा नियम ठेवला आहे. वेळ संपली की हाती लागले असो वा नसो, वहीत एक ओळ लिहायची आणि पुढच्या कातळाकडे वळायचे. ‘नाही’ असे लिहिलेल्या ओळी जमल्याशिवाय ‘आहे’ या ओळीला वजन येत नाही.

कोणता दगड, कोणती बाजू

खपली-शैवाके दगडाच्या बाबतीत चोखंदळ असतात. दगडाची रासायनिक घडण, त्याचा गुळगुळीतपणा, त्याची पाणी धरून ठेवण्याची शक्ती आणि तो किती काळ न झिजता राहतो, या सर्वांवर त्यांची वस्ती ठरते. त्यामुळे आधी दगड ओळखायला शिकावे. गोवा लहान असला तरी या बाबतीत गरीब नाही. चोर्ला आणि सुर्ला या ईशान्येकडील भागात दख्खनच्या बेसाल्टची कड येऊन टेकते. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर आणि काणकोणचा परिसर येथे ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे स्फटिकमय खडक आहेत. खाणपट्ट्याच्या बाजूला लोहयुक्त क्वार्ट्झाइटचे पट्टे सापडतात. आणि सड्यांवर, म्हणजे सपाट कातळमाथ्यांवर, तसेच गावागावांत सर्वत्र जांभा आहे. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट यांचे पृष्ठभाग दीर्घकाळ टिकतात, म्हणून सावकाश वाढणाऱ्या खपल्यांसाठी ते आधी तपासावेत. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, त्याचा थर सुटला की त्यावरचे शैवाकही जाते. तरी सड्यावरचा उन्हापावसाने टणक झालेला जुना जांभा वगळू नये.

चुनखडीवर वाढणारी शैवाके आणि आम्लधर्मी खडकावर वाढणारी शैवाके बहुतांशी वेगवेगळी असतात. आपल्या डोंगरांत चुनखडी शोधण्यापेक्षा हा फरक पाहण्याची सोपी जागा जुन्या भिंतीत आहे. शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली चिऱ्यांची एखादी जुनी भिंत घ्यावी आणि चिऱ्यावरच्या खपल्या व चुन्याच्या सांध्यावरच्या खपल्या वेगवेगळ्या लिहाव्यात. एका तासात जे कळते ते पुस्तकाच्या दहा पानांत कळत नाही. डोंगर चढण्यापूर्वी हा सराव घराच्या कुंपणाशीच करावा, असे मी सुचवीन.

दगड ठरला की त्याची बाजू पाहावी. एकाच धोंड्याच्या माथ्यावर, उतारावर, ओढ्याकडील ओल्या पट्ट्यात आणि खालच्या कोरड्या पोकळीत चार निरनिराळ्या वस्त्या असू शकतात. माथ्यावर ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांना तोंड देणारी शैवाके असतात. पाण्याच्या काठावर काळपट, तपकिरी, पातळ थर आढळतात. आणि पाऊस थेट पोहोचत नाही अशा कपारींत भुकटीसारखी, कधी लख्ख पिवळी शैवाके दमट हवेवर जगतात. या कपारी लोक सहसा पाहत नाहीत. माझ्या अनुभवात टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसणाऱ्याला तेथेच सर्वाधिक मिळते. मात्र अशा पोकळीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे, कारण ती जागा सापांनाही पसंत असते.

केव्हा जावे, काय न्यावे

पावसाळ्यात सड्यांवरचे सौंदर्य भुरळ घालते, परंतु खपल्यांसाठी तो काळ सोयीचा नाही. कातळावर शेवाळाचा निसरडा थर चढतो, जळवा लागतात, आणि मुख्य म्हणजे ओल्या खपलीचा रंग बदलतो. पाणी मिळाले की वरचे आवरण पारदर्शक होते आणि आतले शैवाल दिसू लागल्याने राखाडी खपली हिरवट भासते. नोंदीतला रंग नेहमी कोरड्या अवस्थेतला असावा. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस उत्तम. मार्चनंतर सड्यावर दुपारी थांबणे शरीराला झेपत नाही, आणि वणव्यांचाही धोका असतो.

साहित्य फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग गळ्यात दोरीने बांधावे. त्याचबरोबर मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, पाण्याची फवारणी करणारी बाटली, टाचणी, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याची वही, पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि फोन किंवा कॅमेरा एवढे पुरे. पेन्सिलच हवी, कारण दमट हवेत आणि घामाच्या थेंबांत शाई पसरते. भिंग वापरताना ते डोळ्याजवळ धरून चेहरा दगडाकडे न्यायचा असतो. भिंग दगडाजवळ धरून दुरून पाहिले, की अस्पष्ट वर्तुळाखेरीज काही दिसत नाही. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की ती सांगण्यात संकोच वाटू नये.

जे शैवाक नाही ते आधी वगळावे

गोव्याच्या दमट हवेत दगडावर बरेच काही वाढते आणि बरेच काही सांडते. चिऱ्यांच्या भिंती पावसाळ्यानंतर काळ्या पडतात, ते बहुतेक वेळा नील-हरित जीवाणूंचे थर असतात. झाडांच्या खोडांवर व भिंतींवर केशरी मखमल दिसते, ते ट्रेंटेपोहलिया नावाचे स्वतंत्र शैवाल असते. नावाने ते हिरव्या शैवालांत मोडते, परंतु त्यातील केशरी रंगद्रव्य हिरवेपणा झाकून टाकते. पहिल्या वर्षी मी त्याच्या सात नोंदी ‘केशरी खपली’ म्हणून केल्या होत्या आणि नंतर त्या सातही खोडाव्या लागल्या. हेच शैवाल काही खपली-शैवाकांच्या आत साथीदार म्हणूनही राहते, त्यामुळे गोंधळ अधिक होतो. याखेरीज पक्ष्यांची विष्ठा, चुन्याचे शिंतोडे, दगडातून बाहेर आलेले पांढरे क्षार, लोहाचे गंज-डाग आणि पदभ्रमण करणाऱ्यांनी वाट दाखवण्यासाठी मारलेले रंगाचे ठिपके यांनाही लोक शैवाक समजतात.

वगळण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. भिंगाखाली काठ नीट दिसतो का, पाण्याचे दोन थेंब टाकल्यावर रंग हिरवटपणाकडे झुकतो का, आणि काठावर टाचणीच्या टोकाएवढा ओरखडा काढल्यास पृष्ठभागाच्या लगेच खाली हिरवा थर दिसतो का. ओरखडा शेवटी, एकदाच, आणि जेथे तशाच खपल्या पुष्कळ आहेत तेथेच काढावा. जिथे एकच खपली आहे तिथे पहिल्या दोन खुणांवर समाधान मानावे.

भिंगातून वर्णन कसे लिहावे

खपलीचे वर्णन चार गोष्टींत मांडावे. आधी पृष्ठभाग: तो सलग आहे, की सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखा तडकून छोट्या छोट्या चौकटींत विभागला आहे, चौकटी सपाट आहेत की फुगीर. मग काठ: तो दगडात विरून जातो, की त्याभोवती काळी, पांढरी किंवा निळसर किनार आहे. ही किनार म्हणजे शैवालाविना पुढे सरकणारे बुरशीचे तंतू असतात आणि दोन खपल्या एकमेकींना भिडतात तेथे त्यांच्यामध्ये सीमारेषा आखतात. नकाशाचा भास होतो तो यामुळे.

त्यानंतर फलांगे, म्हणजे बुरशीचे बीजाणू तयार करणारे भाग, आणि येथे सावकाश पाहावे, कारण ओळखीचा अर्धा भाग येथेच आहे. काही शैवाकांवर उघड्या तबकड्या असतात. तबकडीच्या कडेचा रंग बाकीच्या खपलीसारखा असेल, तर त्या कडेत शैवाल आहे असे समजावे; कड तबकडीच्याच रंगाची, बहुधा काळी असेल, तर ती केवळ बुरशीची आहे. हा फरक फार उपयोगी पडतो, परंतु तबकडी जुनी झाली की कड दबून जाते आणि फसवते. म्हणून नेहमी लहान, कोवळ्या तबकड्या पाहाव्यात आणि किमान दहा तरी पाहाव्यात. काहींवर तबकड्या नसून सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके असतात. ते कुपीसारख्या बंद फलांगाचे तोंड असते. काहींवर मोडी लिपीत लिहिल्यासारख्या वेड्यावाकड्या काळ्या रेघा असतात. अशी शैवाके गोव्यात झाडांच्या सालीवर विपुल आहेत, त्यामुळे रेघांची ओळख आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर करून घेता येते. अनेक खपल्यांवर यांपैकी काहीच नसते. तेव्हा पिठासारखी भुकटी किंवा बारीक काड्यांसारखे उंचवटे आहेत का ते पाहावे, कारण या भुकटीतून बुरशी आणि शैवाल एकत्रच नव्या जागी पोहोचतात.

चौथी गोष्ट मापे. खपलीचा व्यास, चौकटींची रुंदी आणि तबकड्यांचा व्यास पट्टीने मोजून लिहावा. ‘लहान’, ‘मध्यम’ असे शब्द वहीत ठेवू नयेत.

प्रकाश आणि रसायन

३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील टॉर्च ही खपलीला धक्का न लावणारी चाचणी आहे. सायंकाळी, किंवा दिवसा काळ्या कापडाखाली, ती खपलीवर टाकल्यास काही शैवाके लख्ख पिवळी चमकतात. त्यांच्यातील लायकेक्झँथोन हे द्रव्य त्याला कारणीभूत असते. माडाच्या खोडावर चिकटून वाढणारे पिक्सीन कोकोज नावाचे शैवाक याच द्रव्यामुळे चमकते, आणि टॉर्च बरोबर आहे की नाही हे त्यावर आधी तपासता येते. टॉर्चचा प्रकाश डोळ्यांत जाऊ देऊ नये.

रसायनांबाबत मात्र माझे मत कडक आहे. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशचे द्रावण ‘के’ आणि ताजे, बिनसुगंधी ब्लीच ‘सी’ म्हणून ओळखले जाते. काचेच्या बारीक नळीने टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावायचा आणि रंग बदलतो का ते पाहायचे. पॅरिएटिन हे केशरी द्रव्य असलेल्या शैवाकावर पोटॅश लागताच तो भाग जांभळट लाल होतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जादूच वाटते. परंतु थेंब लागलेला भाग मरतो. जेथे खपली एकटी आहे, तेथे ही चाचणी कातळावर करूच नये. ती परवानगीने घेतलेल्या तुकड्यावर, प्रयोगशाळेत, हातमोजे व चष्मा घालून करावी. पॅराफेनिलिनडायअमिन हे तिसरे द्रव्य विषारी आहे. ते हौशी माणसाने घरी आणू नये.

दगडाचा पत्ता

‘ओढ्याजवळचा मोठा धोंडा’ असे पहिल्या वर्षी मी वहीत लिहिले, आणि दुसऱ्या वर्षी त्याच ओढ्यापाशी उभे राहून अकरा मोठे धोंडे मोजले. फोनवरील स्थाननिर्देश उघड्यावर काही मीटरांनी चुकतो आणि दाट रानात त्याहून अधिक; तेवढ्या अंतरात डझनभर दगड मावतात. म्हणून आकड्यांबरोबर शब्दही लागतात. वाटेपासून कोणत्या दिशेला किती पावले, दगडाची उंची आणि रुंदी, शेजारचे ओळखता येण्याजोगे झाड, खपली दगडाच्या कोणत्या दिशेच्या बाजूवर आहे, जमिनीपासून तिची उंची किती सेंटिमीटर आहे, पृष्ठभाग किती कललेला आहे आणि त्यावर दिवसाच्या कोणत्या वेळी ऊन येते, हे सर्व लिहावे. उंचीसाठी फोनपेक्षा नकाशावरील समोच्च रेषांवर अधिक विश्वास ठेवावा.

छायाचित्रे तीन अंतरांवरून घ्यावीत: परिसरासह पूर्ण धोंडा, मग धोंड्याचा हातभर भाग, आणि शेवटी पट्टीसह खपली. शेवटच्या चित्रात पांढऱ्या कागदाचा तुकडा कोपऱ्यात ठेवावा, म्हणजे रंगाची तुलना पुढे करता येते. कॅमेरा दगडाच्या पृष्ठभागाला समांतर धरावा. तिरपा धरल्यास व्यास चुकीचा येतो. दगडावर खडूने, रंगाने किंवा खिळ्याने खूण करू नये.

पुरावशेषांच्या बाबतीत हा नियम अधिकच पाळावा. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे आहेत, आणि तांबडी सुर्ला येथे कदंबकाळातील काळ्या दगडाचे महादेव मंदिर आहे. अशा पृष्ठभागांवरील शैवाक दुरून पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि थांबावे. तेथे टाचणी, पाणी किंवा ब्रश काहीही लावू नये. शैवाकातील आम्ले दगड हळूहळू झिजवतात हे खरे, परंतु खपली खरवडताना तिच्यात गुंतलेले दगडाचे कणही निघून येतात, म्हणून साफसफाईचा निर्णय संबंधित खात्यातील तज्ज्ञांवर सोडावा.

नमुना घ्यायचाच असेल तर

अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून दगडाचा तुकडा उचलणे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि गोव्याच्या सह्याद्रीचा मोठा भाग म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव अशा अभयारण्यांतच येतो. त्यामुळे वन खात्याकडे लेखी अर्ज करावा, आणि शक्य असल्यास एखाद्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाबरोबर जावे. परवानगी मिळाली तरी एकटी खपली फोडू नये. आसपास तशाच दहा-बारा खपल्या असतील तरच एका खपलीच्या कडेचा, फलांगे असलेला, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा छिन्नीने काढावा आणि त्या वेळी डोळ्यांवर चष्मा ठेवावा. सुटा पडलेला तुकडा मिळाला तर सर्वांत चांगले.

तुकडा कागदात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या हवेत दोन दिवसांत साधी बुरशी चढते आणि नमुना वाया जातो. सावलीत, पंख्याखाली वाळवून तो घडीच्या कागदी पाकिटात ठेवावा. पाकिटावर ठिकाण, दिनांक, उंची, दगडाचा प्रकार, दिशा आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. पाकिटांच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे.

नाव देण्याची घाई करू नये. खपली-शैवाकाच्या जातीचे नाव बहुधा छायाचित्रावरून ठरत नाही. तबकडीचा पातळ उभा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा रंग, त्यांतील पडद्यांची संख्या, त्यांची लांबी-रुंदी आणि ते ज्या सूक्ष्म पिशव्यांत तयार होतात त्यांपैकी एकीत ते किती आहेत हे पाहावे लागते. तोवर वहीत ‘राखाडी, तडकलेली, काळ्या तबकड्यांची, बेसाल्टवर’ असे वर्णन आणि स्वतःचा क्रमांक पुरेसा आहे. चुकीच्या लॅटिन नावापेक्षा असा क्रमांक अधिक प्रामाणिक असतो. नमुना तपासून जतन करण्यासाठी लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथे शैवाकांचे मोठे संग्रह आहेत. गावाच्या हद्दीतील नोंद जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही जावी. मात्र एकट्या खपलीचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. पाहायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी ती खरवडून पाहतोच.

पुढच्या वर्षी

खपलीची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या अंशांत किंवा एक-दोन मिलिमीटरांत होते, म्हणून दर महिन्याला जाण्याची गरज नाही. वर्षातून एकदा, त्याच महिन्यात, कोरड्या हवेत जावे. पारदर्शक प्लास्टिकचा कागद खपलीवर अलगद धरून पक्क्या शाईच्या बारीक पेनाने तिची कड उतरवावी आणि दगडावरील एखादी भेग किंवा स्फटिकाचा ठिपकाही त्यावर आखावा, म्हणजे दोन वर्षांचे कागद एकमेकांवर जुळवता येतात. कागद दाबू नये, घासू नये.

यातून वयाचा अंदाज काढण्याचा मोह होतो. ऑस्ट्रियाचे रोलँड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडांचे वय शैवाकांच्या व्यासावरून काढण्याची रीत घालून दिली. हिशेब सोपा आहे: कड वर्षाला अर्धा मिलिमीटर सरकत असेल, तर दहा सेंटिमीटर व्यासाच्या खपलीला सुमारे शंभर वर्षे लागली असतील. परंतु थंड प्रदेशातला वेग आपल्या पावसाळी उतारावर चालत नाही, आणि प्रत्येक जातीचा वेग निराळा असतो. येथला वेग हवा असेल तर साल कोरलेले दगड शोधावेत: जुन्या पुलांचे कठडे, मैलाचे दगड, स्मशानभूमीतील शिळा, रस्त्याकडेच्या क्रॉसचे चौथरे. दरवर्षी चुना किंवा रंग लागणारे चौथरे उपयोगाचे नाहीत, त्यामुळे यादी लवकरच आखूड होते. शिवाय दगड बसवल्यापासून त्यावर पहिली खपली उगवेपर्यंत काही वर्षे जातात, ती वजा करावी लागतात.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या डोंगरांत अनेक ठिकाणी वणवे लागले. गवत पेटले की कातळाच्या खालच्या भागातील खपल्या भाजून निघतात, पांढऱ्या पडतात आणि पुढच्या पावसात गळतात. अशा ठिकाणी आग लागण्यापूर्वीचे छायाचित्र कोणाकडे असेल तरच नुकसान मोजता येते. म्हणून वार्षिक फेरीत मुख्य खपलीबरोबर त्याच उताराच्या गवताला लागून असलेल्या आणि गवतापासून दूर असलेल्या अशा दोन साध्या, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या कातळांचीही छायाचित्रे घ्यावीत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि ती त्याच वहीत, त्याच पानावर लावून ठेवावीत.